दोरगाव, पापडगाव आणि काळबांडे सर

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेला रंग दिला. सुट्टी संपवून मी जऊळक्याला आले, तर नववीच्या वर्गात रंगारी अजून भिंतीशी बसलेला. मागच्या भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत गुडघ्याएवढ्या उंचीवरून एक काळी रेघ गेली आहे, ती पुसायच्या बेतात तो होता. मी ओरडलेच. तो दचकून म्हणाला, "मॅडम, रेघच तं हाय." मी म्हटलं, "रेघ नाही, गाव आहे ते. दोरगाव." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. काळबांडे सरांच्या शेजारच्या खुर्चीत इतकी वर्षं काढल्यावर ती कधीतरी आपल्याही वाट्याला येणार, हे मी धरूनच चालले होते. शेवटी रेघेच्या वर रंग लागला, खाली रंग लागला आणि रेघ तेवढी राहिली.

सर आता नाहीत. पुण्याला लेकीकडे गेले आणि तिथेच गेल्या उन्हाळ्यात वारले. आमच्या शाळेत त्यांचा फोटो वगैरे नाही. ही रेघ आहे.

देवराव काळबांडे जऊळक्याचेच. शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, दुसऱ्या विश्वांतल्या लोकांची काळजी करायचे. आपलं विश्व लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन मितींचं. पण एकाच मितीचं असतं तर? दोन मितींचं असतं तर? चार? तिथे जीव राहिला असता का, राहिला असता तर कसा, हा त्यांचा ध्यास. एका मितीच्या विश्वाला ते दोरगाव म्हणायचे, दोन मितींच्या विश्वाला पापडगाव. चार मितींच्या विश्वाला मात्र नाव द्यायला त्यांना जमलं नाही. "ते तिकडलं," एवढंच म्हणायचे. तिकडलं म्हणजे कुठलं, असं विचारलं की बोट वर करायचे, मग डावीकडे, मग समोर आणि शेवटी ते बोट खिशात घालायचे.

माझा या शाळेतला पहिला दिवस. मी अमरावतीची, मराठी शिकवायला आलेली, इथे कोणी ओळखीचं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला, तोच शेजारून एक उंच, काटकुळे गृहस्थ डबा सोडून माझ्याकडे पाहत म्हणाले, "मॅडम, तुमी पापडावर राह्यत असत्या, तं जेवल्या कशा असत्या?" मला वाटलं, यांना पापड हवा आहे. मी डब्यातला अर्धा पापड मोडून दिला. त्यांनी तो घेतला, खिशातून पेन काढलं, पापडावर एक गाय काढली आणि तिच्या तोंडापासून शेपटीपर्यंत पेनाने रेघ ओढली. "हे तिचं आतडं. आता पाहा," म्हणत त्यांनी त्या रेघेवर पापड मोडला. गायीचे दोन तुकडे झाले. "पापडगावात आरपार आतडं जमतच नाई. जनावर दुभंगते. एकाच तोंडानं खायचं आन त्याच तोंडानं परत काढायचं." मी डबा मिटवला. सरांनी शाईचा पापड बाजूला ठेवला आणि शांतपणे वांग्याची भाजी खाल्ली.

कुठल्याही विश्वाबद्दल त्यांचे प्रश्न दोनच असत. पहिला, "पोटाचं काय?" दुसरा, "शेजाऱ्याच्या पुढं जायचं कसं?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ते विश्व राहण्यालायक, नाहीतर रद्द. तारे, प्रकाश, काळ यांबद्दल मुलांनी काही विचारलं तर तेही सांगायचे, पण घाईघाईत.

सवयी तर विचारू नका. वर्गात शिरताना एक डोळा मिटून शिरायचे. एका डोळ्याने खोली कळत नाही, जग सपाट दिसतं, म्हणून "पापडगावची हवा खाऊन येतो" म्हणायचे. त्या नादात टेबलाचा कोपरा मांडीत घुसायचा. चहा बशीतच प्यायचे आणि पापडगावात कप असूच शकत नाही, सगळ्या बश्याच, हे रोज नव्याने सांगायचे. चिडायचे फक्त एकाच गोष्टीवर, कोणी "सर, हे खरं असते का?" असं विचारलं की. "अबे, खरं कायले पाह्यजे? इचार करून पाहाले पैसे पडतात का?"

भिंतीवरची ती रेघ त्यांनी मुख्याध्यापकांना न विचारता एका शनिवारी काढली. मग मुलांना खडूने त्या रेघेवर ठिपके काढायला लावले. ठिपका म्हणजे दोरगावचा रहिवासी. प्रत्येक ठिपक्याला नाव. मुलांनी अर्थातच शिक्षकांचीच नावं दिली, मी खिडकीजवळ होते. दोरगावात रुंदी नाही, म्हणजे बाजूला सरकायला जागा नाही. तुम्हाला आयुष्यभर दोनच माणसं दिसणार, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्याला ओलांडता येत नाही, मागच्याला वाट देता येत नाही. "आन पोटाचं काय?" सरांनी विचारलं. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, खाईन तं शेजाऱ्यालेच खाईन." सर खूश झाले. दोरगाव तिथेच रद्द झालं.

पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्याच दुपारी ते सगळ्या वर्गाला घेऊन स्टेशनवर गेले. माझा तास रिकामा होता, म्हणून मुलींबरोबर मीही गेले. आमच्याकडे रूळ एकेरी. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात, दुसरी निघून जाते, मग पहिली सुटते. क्रॉसिंग म्हणतात. जऊळक्याच्या पोरांनी क्रॉसिंग जन्मापासून पाहिलेलं, त्यात नवल काय? सरांनी थांबलेल्या पॅसेंजरकडे हात केला. "रूळ म्हंजे दोरगाव. दोघी समोरासमोर आल्या तं दोघीयचा जीव जाते. म्हून इथं एक फाटा काढला. हा फाटा म्हंजे दोरगावाले भेटलेली दुसरी मिती. एकीनं बाजूले व्हायचं, जराशीक थांबायचं, बस." एका मुलीने विचारलं, "पन सर, थांबनाऱ्या गाडीचा अपमान नाई होत का?"

सर एरवी उत्तराला थांबत नसत. त्या वेळी थांबले. समोरची गाडी धडधडत निघून गेली, मग म्हणाले, "होत असन. पन पोचते ना."

त्या प्रश्नात एवढं थांबण्यासारखं काय होतं, ते मला पोळ्यानंतर कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील तरातरा शाळेत आले. अंगात नवा सदरा, कपाळावर कालचा गुलाल. स्टाफरूमच्या दारातूनच सुरू झाले, "सर, तुमी पोट्ट्याले काय शिकवून राह्यले? काल बैलाले पुरनपोळी चारता चारता म्हनते, बाबा, हा पापडगावात असता तं दोन तुकडे झाला असता. पोळ्याच्या दिवशी बैलापुढं असं बोलते का कोनी? त्याच्या आजीनं जेवन सोडलं."

सरांनी आधी हात जोडून माफी मागितली, कारण पोळ्याला असं बोलणं त्यांनाही पटलं नव्हतं. मग त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, बशी दिली आणि पापडगाव समजावून सांगितलं. गृहस्थ मान हलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा राग कुठे गेला, त्यांनाही कळलं नाही. एकदम म्हणाले, "मंग येसन कशी घालत असतीन?" वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून आरपार ओवलेला दोर. पापडगावात नाकातून आरपार काही गेलं की नाकाचा शेंडाच गळून पडणार. सर टाळी वाजवून उठले. "हे मले सुचलंच नोतं! येसन नाई. दावंही नाई, काहून का सपाट जगात दोराले गाठच बसत नाई. गाठ माराची म्हंजे दोर दोरावरून न्या लागते, तिथं वरून न्याले जागाच नाई."

"मंग बैल आवरत कसे असतीन?"

"सोपं हाय. त्याच्या चारी बाजूनं रेघ माराची. झाला गोठा. पापडगावात रेघ म्हंजेच भिंत. त्याले ओलांडताच येत नाई. एक धुरा मारला की संपलं, इकडला इकडं आन तिकडला तिकडं."

धुरा हा शब्द तोंडातून गेला मात्र, त्या गृहस्थांनी बशी खाली ठेवली, सरांकडे न पाहता "येतो" म्हणाले आणि गेले. सरही खडू शोधायला लागले. दोन वावरांच्या मधली हद्द म्हणजे धुरा, एवढं मला माहीत होतं. बाकीचं शाळेच्या बाईने, म्हणजे पाणी भरणाऱ्या मावशींनी, संध्याकाळी सांगितलं.

सरांना एक धाकटा भाऊ, उत्तम. वडील गेल्यावर वावराचे दोन भाग झाले आणि मध्ये चांगला माणूस झोपेल एवढा रुंद धुरा राहिला. त्यावर गवत, एक बोर, दोन-चार पळसं. मग दरवर्षी वखरणी करताना उत्तमच्या बाजूने थोडा धुरा कोरला गेला. सरांचं वावर करणाऱ्या गड्यानेही आपल्या बाजूने कोरला. आमच्याकडे हे असंच चालतं, कोणी मुद्दाम करतं असं नाही, ट्रॅक्टरचं एक चाक जरा आत जातं. एका वर्षी धुऱ्यावरचं बोराचं झाड पडलं. उत्तम म्हणाला वाऱ्याने, सर म्हणाले ट्रॅक्टरने. सरांनी मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी साखळी ओढली, खुणेचा दगड रोवला आणि सरांची बाजू बरोबर निघाली. सर जिंकले. त्या दिवसापासून उत्तम त्यांच्याशी बोलला नाही आणि सर उत्तमशी बोलले नाहीत. घरं भिंतीला भिंत लागून. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या तेव्हा उत्तमने खांदा दिला, पण शब्द नाही.

तेव्हापासून मला सर वेगळेच दिसायला लागले. त्यांच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर होती, पण वाट उत्तमच्या दारावरून जायची, म्हणून ते मारुतीच्या देवळाला वळसा घालून यायचे. शेजाऱ्याच्या पुढं जायचं कसं, हा दुसरा प्रश्न ते सगळ्या विश्वांना का विचारतात, हे कळलं आणि मला त्यांचा रागही आला. चांगला शिकलेला माणूस, चार मितींच्या गप्पा मारतो आणि सख्ख्या भावाच्या दारावरून जाता येत नाही! एकदा मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, म्या कायले बोलू? मोजनी तं माही खरी निंगाली." मग जरा वेळाने, "मी रिटायर झालो की लेक मले पुन्याले नेनार. वावर कोनाले देऊ? त्यानं एकदा मांगतलं, तं आजच देतो. पन त्यानं मांगाले पाह्यजे." तिकडे उत्तम म्हणत असे, म्हणे, दादाने आवाज दिला तर मी धावत जाईन, पण दादाने दिला पाहिजे. एवढंच अडलं होतं. एक वाक्य. दोघांपैकी कोणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

चपलांची गोष्ट त्याच सुमाराची. रिसोडला एका लग्नाला आम्ही सगळे शिक्षक जीपने गेलो होतो. परतताना सर लंगडत जीपमध्ये चढले. पाहतो तर दोन्ही पायांत डाव्याच चपला. एक त्यांची, एक दुसऱ्या कोणाची तरी. म्हणजे त्या मांडवात कोणीतरी दोन उजव्या घालून फिरत असणार. आम्ही हसून हसून बेजार. सरांना हसण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एक चप्पल काढली आणि जीपच्या मध्यभागी हवेत धरून फिरवायला सुरुवात केली. आडवी, उभी, पालथी, उलटी. "पाहा, कशीही फिरवा, डावी ते डावीच राह्यते. पन चौथी मिती असती ना, तं तिकडून एक गिरकी देली की उजवी होऊन परत येते. काहीच कापा लागत नाई, जोडा लागत नाई." ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मी म्हटलं, "मग तिकडलंच विश्व चांगलं की, सर." ते गंभीर झाले. "नाई ना. तिकडं पोटाचं जमते, पन सूर्याचं जमत नाई. आपल्याकडं पृथ्वी जराशी हालली तरी सूर्याभोवती फिरतच राह्यते, वाट थोडी बदलते इतकंच. तिकडं जराशीक सरकली की एक तं सूर्यात पडते, नाईतं कायमची दूर जाते. मधलं काहीच नाई." जीप वाशिमच्या रस्त्याला लागेपर्यंत ते चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. "तीन मितीच बऱ्या," शेवटी म्हणाले. "इथं सरकलेलं सांभाळून घेते."

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला वावरात तुरीच्या शेंगा खायला बोलावलं. आमच्याकडे पौषात शेंगा भरल्या की मडक्यात घालून वावरातच उकडतात आणि मिठाशी खातात. बाकीचे काटक्या गोळा करायला पांगले. मी विहिरीकडे गेले, तर सर दोर ओढत होते. मोटारीच्या खालची जाळी गाळाने बुजली होती, मोटार वर काढायची होती आणि ती एकट्याला हलत नव्हती. ही विहीर बरोबर धुऱ्यावर, दोघा भावांची सामाईक. वाटणीत जमीन तुटली, विहीर तुटत नव्हती. आतमध्ये दोघांच्या दोन मोटारी लटकलेल्या.

पलीकडून एक माणूस आला. सरांसारखाच उंच, फक्त काळा आणि भरलेला. काही न बोलता त्याने दोराचं दुसरं टोक धरलं. मी दोघांच्या मध्ये, विहिरीच्या कठड्यावर. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, त्यायले सांगा, दोर कमरीले नोका गुंडाळू म्हना. मोटार सुटली तं आत ओढीन."

मी सरांकडे वळले. सर पाच हातांवर उभे, त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी ते माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. मी सांगितलं. त्यांनी कमरेचा दोर सोडला आणि मला म्हणाले, "त्याले सांगा, आधी त्याच्या बाजूनं ओढ म्हना."

मी तेही सांगितलं. मोटार वर येईपर्यंत माझी मान दुखली. "त्यायले सांगा, ढिला सोडा." "त्याले सांगा, पाय सांभाळ, शेवाळ हाय." "त्यायले सांगा, आता बसा म्हना, दम लागला त्यायले." धाकटा एवढ्या भांडणातही "त्याले" म्हणत नव्हता, "त्यायले", म्हणजे आदराने "त्यांना", म्हणत होता, हे माझ्या मराठीच्या कानाने टिपलं. जाळी साफ झाली, मोटार परत खाली गेली, पाणी आलं. उत्तम आला तसा निघून गेला. धुरा ओलांडताना त्याला पायसुद्धा उचलावा लागला नाही, इतका तो कोरून कोरून उरला होता. एक हिरवट पट्टी आणि मोजणीचा दगड.

सर कठड्यावर बसले, खाली पाहत. "मॅडम, मोजनीवाल्याचा नकाशा म्हंजे पापडगाव. त्याच्यात लांबी असते, रुंदी असते, खोली नसते. धुरा इहिरीवरून काढला त्यायनं. पन खाली पानी पाहा, एकच हाय." मी म्हटलं, "मग बोलत का नाही?" ते म्हणाले, "शेंगा शिजल्या असतीन. चाला."

पुढच्या हिवाळ्यात सर पुण्याला निघाले. निवृत्त झाले होते, छातीत दुखायला लागलं होतं, लेकीने तिकीट काढूनच कळवलं. वावर मागायला गावातली दोन-तीन माणसं येऊन गेली, सरांनी कोणालाच हो म्हटलं नाही आणि उत्तमलाही काही म्हटलं नाही. दुपारची गाडी होती, अकोल्याकडची. सामान म्हणजे एक बॅग. शाळेतून आम्ही सगळे आलो होतो, पण गाडी उशिरा आली आणि एकेक जण तासाला परत गेला. शेवटी मीच उरले. सर गाडीत बसले, मी खिडकीशी उभी. गाडी काही सुटेना. पलीकडून मालगाडी येत होती, आमची गाडी बाजूच्या रुळावर घेतलेली. क्रॉसिंग.

तेवढ्यात रुळांवरून कोणीतरी येताना दिसलं. उत्तम. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं, वाफ येत होती. तो फलाटावर चढला, सरांच्या खिडकीशी येऊन थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, त्यायले सांगा, शेंगा हाय. गरम हाय."

माझ्या अंगात काय आलं, माहीत नाही. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

दोघंही माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मीच गुन्हा केला होता. उत्तमने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. सरांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला, मग काढला. मग सर उठले, गाडीतून खाली उतरले आणि फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले. चपला काढल्या, मांडी घातली आणि शेजारची जागा हाताने झटकली. उत्तमही चपला काढून तिथे बसला. मालगाडी आली. तिचे डबे संपता संपत नव्हते आणि त्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. दोघं शेंगा सोलत होते, सालं मध्ये पडत होती.

मालगाडी गेली तेव्हा पहिलं वाक्य मी ऐकलं, ते सरांचं. "उत्तम, धुरा वखरून टाक."

उत्तमने शेंग तोंडात टाकली. चावता चावता त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "आन गोटा? मोजनीचा?"

"इहिरीवर नेऊन ठेव. कपडे धुवाले होईन."

"दादा, बोर खरंच वाऱ्यानं पडली होती."

"असन. पेरजो दोन्ही वावरं मिळून. मधात ओळ सोडू नोको."

मी तिथून जरा बाजूला झाले. मला रडू आवरत नव्हतं आणि त्या दोघांना त्याची गरज नव्हती. ते तुरीच्या बियाण्याबद्दल बोलत होते, मोटारीच्या वायरबद्दल आणि कुठल्याशा म्हशीबद्दल, जी मला वाटतं लहानपणीच मेली असावी. मग सिग्नल पडला, गाडीने शिटी दिली. सर घाबरेघुबरे उठले, पाय चपलांत खुपसले आणि धावले. उत्तमने त्यांना हाताला धरून दारात चढवलं, उरलेल्या शेंगांचं फडकं आत दिलं. गाडी हलली.

उत्तम बाकाशी परत आला. पाय घालायला गेला आणि तसाच उभा राहिला. बाकाखाली दोन उजव्या चपला होत्या. एक त्याची, एक सरांची.

मी गाडीकडे पाहिलं. डबे फाट्यावरून मुख्य रुळावर येत होते. एका दारातून एक लांब, काटकुळा हात बाहेर आला होता आणि हातात डावी चप्पल होती. तो हात ती चप्पल हवेत फिरवत होता, आडवी, उभी, पालथी, उलटी. गाडी दिसेनाशी होईपर्यंत फिरवत होता.

मी पर्समधून मोबाइल काढला. म्हटलं, "थांबा, फोन करते त्यांना. पुढच्या स्टेशनवर कोणाजवळ तरी द्यायला सांगते."

उत्तमने त्या दोन्ही उजव्या चपला उचलून काखेत धरल्या.

"कायले, मॅडम? राहू द्या," तो म्हणाला. "येईन ना तो घ्याले."